तेरा नंबरचा वाफा

करंगळी कोरडी ठेवायची, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले. बाकीची बोटं मातीत असली तरी चालतं, पण मोबाइलला लावायचं बोट ओलं किंवा चिखलाचं असलं तर पडदा ते ओळखतच नाही. म्हणून वाफ्यात काम करताना माझी उजवी करंगळी बाकीच्या बोटांपासून वेगळी, ताठ उभी असायची. शेजारच्या इमारतीचा वॉचमन यवतमाळकडचा. तो भिंतीवरून बघायचा आणि म्हणायचा, "काय बाई, लय नाजूक काम चालू आहे तुमचं!"

मोबाइल माझा नव्हता, शेताचा होता. शेत म्हणजे धायरीत दोन उंच इमारतींच्या मधे उरलेली वीस गुंठे जमीन, एक विहीर आणि शेवग्याचं झाड. आजूबाजूची सगळी जमीन याच शेतमालकांच्या घराची होती आणि ती बिल्डरला गेली होती. एवढा तुकडा घरातल्या म्हाताऱ्या आजींनी अडवून धरला. त्यांची सून कंप्युटरच्या कंपनीत कामाला. सोमवार ते शुक्रवार ती ऑफिसात, आणि शनिवार-रविवार शेतात. आसपासच्या घरांना आठवड्याला एक भाजीची टोपली पोचवायची, हे तिचंच डोकं. मी तिला ताई म्हणायचे आणि तीही मला ताई म्हणायची. दोघींतली खरी ताई कोण, हे कधी ठरलं नाही.

मी गोंदियाकडची. शाळा सातवीपर्यंत. आठवीची शाळा नदीपलीकडे होती आणि घरी आई आजारी, त्यामुळे त्या वर्षी राहिलं ते राहिलंच. लग्नानंतर नवऱ्याला सिंहगड रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात काम मिळालं आणि आम्ही पुण्यात आलो. स्टेशनवरून स्वारगेट, स्वारगेटवरून धायरी. स्वारगेटला बस बदलताना मी एका हातानं नवऱ्याच्या शर्टाची कड धरली होती आणि दुसऱ्या हातात आईनं दिलेली पुरचुंडी. जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यात राख आणि राखेत बरबटीचं बी. बरबटी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, इकडे त्यांना चवळीची शेंगच म्हणतात. आमच्या अंगणात माझ्या आजीच्या आधीपासून तेच बी दरवर्षी लागत होतं. आईनं ते दिलं तेव्हा म्हणाली, "ने, बाई. भावानं आंगणात सिमेंट टाकायचं काढलं आहे. आता मी कोठं लावू?"

कामाचं विचारायला गेले तेव्हा ताईंनी शिक्षण विचारलं. मी मान खाली घालून "सातवी" म्हटलं. मला वाटलं, झालं, आता दार बंद. त्या म्हणाल्या, "वाचता येतं ना? मग पुरे. सॉफ्टवेअर मराठीत आहे." त्या एका वाक्याचं ऋण मी अजून मनात जपून आहे. तोपर्यंत पुण्यात माझ्या सातवीला कुणी 'पुरे' म्हटलं नव्हतं.

ते सॉफ्टवेअर मोठं गमतीचं. उघडलं की आपलं शेत वरून दिसायचं, घारीला दिसावं तसं. सोळा वाफे, सोळा पट्ट्या, प्रत्येकीला नंबर. पालकाची पट्टी गर्द हिरवी, गाजराची नारिंगी, रिकाम्या वाफ्याची करडी. पेरणीची तारीख टाकली की तोडणीची तारीख ते स्वतःच सांगायचं. पालक एकदम सगळा पेरायचा नाही, दर पंधरा दिवसांनी एक वाफा, म्हणजे टोपलीत पालक कधी खंडत नाही, हेसुद्धा तेच आठवण करून द्यायचं. सकाळी सात वाजता 'आजची कामं' यायची. काम झालं की करंगळीनं बरोबरची खूण करायची, ओळ हिरवी व्हायची. राहिलं तर दुसऱ्या दिवशी ती ओळ लाल. आणि भाजी तोडली की काट्यावर ठेवून, कुठल्या वाफ्यातून किती, ते टाकायचं.

त्या लाल रंगाची मला फार धास्ती होती. शाळेत वहीवर लाल शेरा आला की मास्तर सगळ्या वर्गासमोर वही वर धरायचे. इथे कुणी काही धरत नव्हतं, ताईंनी कधी आवाज चढवला नाही. तरी एखादी ओळ लाल झाली की ती मी घरीसुद्धा पुन्हा पुन्हा उघडून बघायचे. नवरा म्हणायचा, "अगे, ते मशीन आहे. त्याले का राग येते?" पण मी जेवण टाकून परत शेतात जाऊन यायचे.

पहिल्या वर्षी मी भिंतीकडच्या तेरा नंबरच्या वाफ्यात थोडी बरबटी लावू का, असं भीत भीत विचारलं. ताई "लावा की" म्हणाल्या. सॉफ्टवेअरला किती दिवसांत तोडणी ते सांगावं लागतं. मी म्हटलं, "आखाडीला टोबली का पोळ्याला शेंग." टोबली म्हणजे बी मातीत खोचून लावली. त्या हसल्या, भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिवस मोजले आणि पंचेचाळीस टाकले. शेंग त्यांना इतकी आवडली की दुसऱ्या वर्षी सॉफ्टवेअरात बरबटीला तीन वाफे मिळाले. नऊ, अकरा आणि तेरा, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं. त्यात माझं जवळजवळ सगळं बी गेलं. मूठभर उरलं होतं त्याला भुंगा लागला. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. वेलावर शेंगा वाळतील, बी परत येईल.

आता माझी चूक सांगते.

आमच्याकडे घरच्या बियाण्याचा पहिला तोडा तोलत नाहीत. विकतच्या बियाण्याला ही रीत नाही, फक्त घरी राखलेल्या बियाण्याला. पहिल्या शेंगा तोडायच्या, वेलाच्याच तंतूनं जुड्या बांधायच्या आणि आजूबाजूच्या घरी द्यायच्या. काटा नाही, मोजणी नाही. आई म्हणायची, "तोलल्या का वेलाले कळते, आता याहिचा हिशेब चालू झाला. मंग तोही हिशेबानंच देते." लहानपणी मीच त्या जुड्या घरोघर पोचवायचे.

तेच मी धायरीत केलं. विचार करून केलं असं नाही. पहिला तोडा आला, हात आपोआप काट्याला चुकवून गेले. एक जुडी वॉचमनला, एक कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या नवराबायकोला. शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाळंतीण होती, ती गॅलरीतून दोरीला पिशवी सोडायची, एक तिला. आणि एक आजींच्या उंबऱ्यावर ठेवून यायचे. गावी एकदाच पेरणी, म्हणून एकदाच पहिला तोडा. इथे सॉफ्टवेअरनं तीन वाफे तीन तारखांना पेरायला लावले होते. अकरा नंबर तोडणीला आला तेव्हा मी काटा हातात धरून उभी राहिले. हा पहिला म्हणायचा की दुसरा? शेवटी म्हटलं, या वेलांचा तर हा पहिलाच आहे ना. तेव्हा तोही वाटला, नंतर तेराचाही वाटला. त्यातून बऱ्यापैकी लांब, भरलेल्या शेंगा मी बियाण्यासाठी वेलावरच ठेवल्या होत्या. त्याही काट्यावर गेल्या नाहीत.

एवढं सगळं झालं आणि मी मोबाइलमध्ये एक अक्षर टाकलं नाही.

हंगाम सरत आला. रविवारी सकाळी शेवग्याखालच्या बाजेवर ताई लॅपटॉप घेऊन बसल्या आणि मला शेजारी बसवलं. पडद्यावर उभे खांब. कुठल्या वाफ्यानं किती दिलं, त्याचे. भेंडी उंच, गवार त्याच्या खाली, आणि सगळ्यांत बुटके तीन खांब बरबटीचे. त्यांच्यावर पिवळ्या अक्षरांत 'बदलून पाहा' असं लिहिलेलं.

"चव छान आहे, पण जातच कमी देणारी दिसते," ताई म्हणाल्या. "टोपल्यांत मला दोनदा शेंगा कमी पडल्या. लोकांना मेसेज करून सॉरी म्हणावं लागलं. या आठवड्यात तिन्ही वाफे मोकळे करू, ब्रोकोली लावू. रोपं सांगून ठेवली आहेत. चालेल ना, ताई?"

मी "बरं" म्हटलं.

का म्हटलं ते मलाच समजलं नाही. बी वाळायला अजून तीन आठवडे होते. आत्ता वेल काढले तर हाती हिरव्या, पोचट शेंगा येणार. गावी अंगण नव्हतं, पुरचुंडी रिकामी होती. ते बी आता जगात फक्त त्या तीन वाफ्यांत उभं होतं. तोंड उघडलं तर कळणार, की मी मालकिणीचा माल तिला न विचारता लोकांना वाटला, तोही तीनदा. चोरी म्हटली तर चोरीच होती. ज्या बाईनं मला 'पुरे' म्हटलं, तिच्या टोपल्या माझ्यामुळे कमी भरल्या होत्या.

सोमवारी सात वाजता मोबाइल वाजला. 'वाफा ९, ११, १३ : वेल काढणे.' मी भेंडीला पाणी दिलं, पालक काढला, सगळ्या खुणा केल्या. ती एक ओळ ठेवली. मंगळवारी ती लाल झाली. तरी ठेवली. दीड वर्षात मी जाणूनबुजून ठेवलेली ती पहिली लाल ओळ. बुधवारी ताईंचा मेसेज आला, "ताई, वेल?" मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ हो की नाही, ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

वॉचमन भिंतीवरून म्हणाला, "आज करंगळी कामून लोंबून राहिली?"

"काही नाही, भाऊ."

"काही नाही म्हणणाऱ्या बाईचंच काही असते."

त्या दुपारी विळा घेऊन मी तेरा नंबरच्या वाफ्यात गेले. पहिल्या वेलाच्या बुडाशी हात घातला. वर शेंग लोंबत होती, अजून फिकट हिरवी, आतले दाणे बोटाला लागत होते. मी विळा खाली ठेवला आणि मोबाइल काढला. प्रत्येक कामाच्या ओळीखाली एक रिकामी चौकट असते, 'टीप' म्हणून. मी त्यात कधी काही लिहिलं नव्हतं. खुणा आणि आकडे टाकायला शुद्धलेखन लागत नाही, लिहायला लागतं. हात धुतले, पदराला पुसले आणि शेवग्याखाली बसून एका करंगळीनं लिहायला लागले. सातवीच्या परीक्षेनंतर मी एवढं कधी लिहिलं नव्हतं.

लिहिलं ते असं: "ताई मी वेल काढले नाही. बरबटी कमी देत नाही. तिचा पहिला तोडा मी तोलला नाही आमच्याकडे तोलत नाहीत. तीन वाफ्याचा तीनदा वाटला. वॉचमन इस्त्रीवाले बाळंतीण आणि आजी. तुम्हाला विचारलं नाही ही माझी चूक. बियाच्या शेंगा पण मोजल्या नाही. हे बी माझ्या आईचं आहे दुसरीकडे कुठेच नाही. तीन आठवडे द्या मग मी काढते. कामावरून काढलं तरी तीन आठवडे द्या."

पाठवलं आणि मोबाइल पालथा घातला.

तासाभरानं उत्तर आलं. "वेल काढू नका. रविवारी बोलू."

पहिल्या तीन शब्दांनी मी सुटले आणि पुढच्या दोन शब्दांनी परत अडकले. रविवारी बोलू, म्हणजे काय बोलू? गुरुवार, शुक्रवार, शनिवार, मी शेताचा कोपरा न् कोपरा झाडला. शनिवारी टोपल्या भरताना ताई नेहमीसारख्या बोलल्या, फक्त माझ्याकडे बघून नाही. नवऱ्यानं विचारलं, "गावी जायचं तिकीट पाहू का?" त्याला चेष्टा करायची होती, पण मला रडू फुटलं.

रविवारी तीच बाज, तोच लॅपटॉप. ताईंनी तो उघडला नाही.

"चार घरी शेंगा दिल्यात, त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण गेल्या रविवारी मी इथे बसून तुमच्या तोंडावर तुमच्या आईच्या बियाण्याला नावं ठेवत होते. आणि तुम्ही 'बरं' म्हणालात. मला किती वाईट वाटलं असेल ते वाचून? एकदा तरी 'थांबा' म्हणायचं ना!"

"भीती वाटली."

"माझी?"

मी मोबाइलकडे बोट केलं. "त्या लाल ओळीची."

ताईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. आजी विहिरीकडून चालत आल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पैला तोडा व्हता व्हय तो? मला वाटलंच."

"आई, तुम्हाला माहीत होतं?" ताईंनी विचारलं.

"मला काय म्हाईत? उंबऱ्यावर शेंगा यायच्या, मी खायची. पर त्याला तुझा तो कागद नसायचा चिकटवलेला. तू घरात मेथी दिलीस तरी वर वजन लिवून देतीस. मी म्हनलं, ही कुन्या मानसानं दिलेली दिसती."

"म्हणजे मी माणूस नाही?"

"तू हायेस की. तुझा काटा न्हाई." आजी बाजेवर टेकल्या. "आमची काकडी बी पैली अशीच जायाची वाडीभर. ही समदी इमारत हाय ना, हितं व्हती काकडी."

मला हसावं की रडावं ते कळेना. ताईंनाही कळलं नसावं. मग त्यांनी लॅपटॉप उघडला. तोंडानं काही म्हणण्याऐवजी हात कामाला लावायचे, ही त्यांची सवय मला तोवर माहीत झाली होती. पहिल्या तोड्याची नोंद करून बघू, म्हणाल्या. तारीख टाकली, वजनाची जागा रिकामी ठेवली. सॉफ्टवेअर पुढे जाईना. शून्य टाकलं. 'वजन शून्यापेक्षा जास्त असावे,' असं लिहून आलं. ताई म्हणाल्या, "अंदाजे काहीतरी टाकूया, ताई, म्हणजे खांब तरी वर येतील."

मी म्हटलं, "अंदाजे टाकलं तरी तोललंच ना ते?"

त्यांनी लॅपटॉपवरून हात काढला. मी एवढं स्पष्ट त्यांना पहिल्यांदाच काही बोलले होते.

आजी म्हणाल्या, "मग त्याला सांगूच नगंस. समदं कशाला सांगाय पायजेल त्या डबड्याला?"

ब्रोकोलीची रोपं रोपवाटिकेतून निघाली होती, तेव्हा नऊ आणि अकरा द्यावेच लागणार होते. ते वेल मी दुसऱ्या दिवशी स्वतः काढले, आणि काढताना वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण तेरा नंबरवर ताईंनी टिचकी मारली, यादीतून 'विश्रांती' निवडलं आणि ती पट्टी करडी झाली. म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे काही नाही, जमीन आराम करतेय. ना पेरणी विचारणार, ना तोडणी, ना काही लाल होणार.

"टोपल्यांसाठी बरबटी लावू तेव्हा दुसऱ्या वाफ्यात, आणि दुसऱ्या तोड्यापासून मोजू," त्या म्हणाल्या. "हा तुमच्या बियाण्याचा." मग लॅपटॉप मिटता मिटता, "आणि ताई, कामावरून काढायची धमकी पुन्हा मला देऊ नका. एवढं मोठं पत्र मला ऑफिसात कुणी लिहीत नाही."

तीन आठवड्यांनी शेंगा वाळल्या. हातात धरल्या की खुळखुळायच्या. बी काढून मी राखेत घातलं, दोन पुरचुंड्या केल्या. एक माझ्याकडे आणि एक आजींच्या कपाटात, त्यांच्या पैठणीखाली. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दोन जागी ठेवलं ते बेस केलं." दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला आणि तिनं तेच पुन्हा विचारलं, दोन जागी ना?

आज मोबाइलवर शेत उघडलं तर भिंतीकडे अजून ती एक करडी पट्टी दिसते. जमिनीवर मात्र तिथे वेल माझ्या डोक्याच्या वर गेलेत. यंदाच्या हंगामात पहिला तोडा शनिवारी आला. मी जुड्या बांधल्या. वॉचमन, इस्त्रीवाले, दुसरा मजला. तिथलं बाळ आता स्वतः दोरी धरतं, आई मागून धरते. एक आजींची. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत ताईंना मी पहिल्या तोड्याची जुडी कधी दिलीच नव्हती. शेत त्यांचं, म्हणून त्यांचंच त्यांना काय द्यायचं, असं वाटलं असेल. किंवा काटा त्यांच्या हाताशी असायचा, म्हणून.

ताई टोपल्या भरत होत्या. मी जुडी पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि सवयीनं त्यांचा हात काट्याकडे गेला. पायरीवर बसलेल्या आजी खाकरल्या. हात तिथेच थांबला. ताईंनी जुडी उलटीसुलटी करून पाहिली, बांधलेल्या वेलाच्या तंतूवरून बोट फिरवलं, आणि ती आपल्या पिशवीत, डब्याशेजारी ठेवली.

"किती असतील हो, ताई?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मोजल्या नाहीत."